तोफेच्या नळीतली काच

नाशिककरांना तोफेचा आवाज नवा नाही. तोफखान्याचे विद्यालय काकूलहून देवळालीस आले, आणि तेव्हापासून आमच्या बाजूच्या तावदानांना हादरण्याची सवय जडली. सरावाच्या दिवशी एखादा मुंबईचा पाहुणा घरी असला, तर तो चहाची बशी सावरीत दचकून विचारतो, "हे काय झाले हो?" त्यावर घरातले शेंबडे पोरसुद्धा जागचे न उठता सांगते, "काही नाही, तोफ!"

माझे आयुष्य पदार्थविज्ञान शिकवण्यात गेले. त्यामुळे तावदान खुळखुळले की माझ्या मनात तोफेपेक्षा काचेचाच विचार आधी येतो. इतक्या दूर उडालेल्या तोफेने इथली काच जर थरथरते, तर जी काच त्या तोफेच्या नळीतच असेल तिची काय गत होत असेल? वाचक म्हणतील, तोफेच्या नळीत काच कशाला जाईल? पण जाते. अलीकडच्या काही तोफगोळ्यांना डोळा असतो, आणि डोळा म्हटला की भिंग आलेच.

आमच्या शेजारी तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. १९९९ साली कारगिलच्या डोंगरांत ते बोफोर्स तोफेवर होते. संध्याकाळी फिरायला निघालो की आमची गाठ पडते. एकदा मी त्यांना म्हणालो, "सुभेदारसाहेब, तोफगोळ्याला डोळा हवाच कशाला? इतकी वर्षे आंधळे गोळे फेकूनच लढाया जिंकल्या ना?"

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, वर शत्रू बसलेला, खालून आपली पायदळाची पोरे कडा चढताहेत, आणि आमचे गोळे त्यांच्या डोक्यावरून चाललेले. गोळा लांब पडला तर वाया जातो. आखूड पडला तर आपली माणसे जातात."

त्या युद्धात आपल्या तोफखान्याने तोफगोळे, बॉम्ब आणि अग्निबाण मिळून अडीच लाखांच्या वर मारा केला. त्यातले बहुतेक सगळे आंधळेच होते. आंधळा गोळा नेमका किती मीटर इकडे-तिकडे पडेल हे वारा, हवेची विरळता, दारूचे तापमान आणि नळीची झीज यांवर ठरते. डोंगरात तर हे सगळेच बेभरवशाचे. म्हणूनच कारगिलच्या सुमारास भारताने आपल्या बोफोर्ससाठी रशियाचा 'क्रास्नोपोल' हा डोळस गोळा घेतला. त्याचे काम असे चालते: पुढे असलेला निरीक्षक लक्ष्यावर लेसरचा अदृश्य किरण धरून ठेवतो. लक्ष्यावरून परतलेला तो प्रकाश गोळ्याच्या नाकातल्या भिंगातून आत शिरतो, आतला संवेदक त्याची दिशा ओळखतो, आणि लहान पंख गोळ्याला त्या ठिपक्याकडे वळवतात. अमेरिकेने याच जातीचा 'कॉपरहेड' आधीच बनवला होता, आणि १९९१ च्या आखाती युद्धात तो वापरलाही होता.

कल्पना मोठी सुरेख. मात्र या डोळ्याला त्याचे पहिले काम करण्याआधी नळीतून बाहेर पडावे लागते, आणि खरा घात तिथेच आहे.

थोडा हिशेब करू. शाळेतले गणित आठवत असेल त्यांनी कागद घ्यावा. नसेल त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवावा. बोफोर्सची नळी सुमारे सहा मीटर लांब. पूर्ण भरणा दिला तर गोळा तिच्या तोंडातून सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने बाहेर पडतो. म्हणजे स्थिर उभ्या गोळ्याने सहा मीटरच्या धावेत, सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाहून जरा जास्त वेळात, एवढा वेग कमवायचा. वेगाच्या वर्गाला लांबीच्या दुपटीने भागले की त्वरण मिळते. ते येते गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे साडेपाच हजार पट. हीही झाली सरासरी. दारूचा दाब सुरुवातीलाच कळसाला पोचतो, आणि त्या क्षणी आकडा दहा हजारांच्या घरात जातो.

दहा हजार पट म्हणजे काय, याची कल्पना यावी म्हणून सांगतो. ओझरच्या कारखान्यात तयार झालेले सुखोई लढाऊ विमान तीव्र वळण घेते तेव्हा वैमानिकाला गुरुत्वाच्या आठ-नऊ पट भार सोसावा लागतो, आणि खास पोशाख व सराव नसेल तर तेवढ्यानेच माणसाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. नळीतला भार त्याच्या हजारपट. पंचवीस ग्रॅमचे भिंग, म्हणजे चहाच्या पाच-सहा चमच्यांत मावेल एवढ्या साखरेच्या वजनाची काच, त्या क्षणी अडीचशे किलोची होऊन आपल्या बैठकीवर बसते.

अशा वेळी घरगुती शहाणपण काय सांगते? नाजूक वस्तू मऊ गादीत ठेवा. आमची मंडळी दरवर्षी लेकीकडे कल्याणला लोणच्याची काचेची बरणी पाठवतात, तेव्हा ती दोन जुन्या लुगड्यांत गुंडाळलेली असते, आणि कसारा घाटातले सगळे खड्डे ती एस.टी.त बसून सुखरूप पार करते. हे शास्त्राला धरूनच आहे. बरणी मीटरभर उंचीवरून फरशीवर पडली आणि एका मिलिमीटरात थांबली, तर तिला गुरुत्वाच्या हजारपट दणका बसतो. तीच गादीवर पडून दहा सेंटिमीटरांत थांबली, तर फक्त दहापट. थांबायला जागा दिली की दणका सौम्य होतो. गादी म्हणजे दुसरे काही नसून थांबण्यासाठी दिलेली उसनी जागा.

पण तोफेत हे शहाणपण उपयोगी पडत नाही. तिथे भिंगाला थांबायचे नसते, धावायचे असते. गोळ्यासोबत सहा मीटरांत ८०० चा वेग त्यालाही घ्यावाच लागतो. त्यातून सुटका नाही. भिंगाला फक्त दहापट भार बसावा असा हट्ट धरला, तर त्याला धावायला सव्वातीन किलोमीटर लागतील. नाशिकरोड आणि देवळाली या दोन स्थानकांमधल्या अंतराच्या निम्म्याहून हे अधिक. एवढी जागा देणारी गादी तळहाताएवढ्या गोळ्याच्या नाकात कुठून आणणार?

उलट, तिथे मऊ गादी घातली तर ती घातकच ठरते. दारू पेटली की गोळा पुढे निघतो, पण गादीवरचे भिंग जरा मागे रेंगाळते. गादी चेपत जाते, चेपून चेपून संपते, आणि तोवर गोळ्याने घेतलेला सगळा जास्तीचा वेग भिंगावर एकदम आदळतो. एका मिलिमीटरच्या सैल जागेचा असा हातोडा होतो. आमच्या निफाड-पिंपळगावकडे द्राक्षाच्या पेट्या भरणाऱ्या बायांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. पेटी भरताना त्या घडाच्या बाजूची प्रत्येक पोकळी कागदाच्या कातरणांनी भरतात. मणी हलला की चिरडला, हा तिथला नियम.

म्हणून तोफेतल्या काचेला गादीऐवजी घट्ट, प्रामाणिक बैठक हवी असते. या लेखाचे सार एवढेच, पण ते साधायला माणसांना बरीच वर्षे घालवावी लागली.

आधी काचेचा स्वभाव पाहू. काच दाब सोसते, ताण सोसत नाही. दाबाखाली ती ताणाच्या दहापटीहून अधिक बळकट असते. ताण पडला की तिच्या पृष्ठभागावरचा एखादा बारीक, डोळ्यांना न दिसणारा ओरखडा तोंड उघडतो आणि तडा सरळ पलीकडे धावतो. १९२१ साली ग्रिफिथ या इंग्रज संशोधकाने हे गणिताने मांडले. आपल्या गल्लीतला तावदाने बसवणारा मात्र ते रोज करून दाखवतो: हिऱ्याच्या टोकाने एक रेघ ओढतो, हलकेच टिचकी मारतो, आणि काच त्या रेघेवरच दुभंगते. तेव्हा पहिला उपाय म्हणजे ओरखडे नाहीसे करणे. भिंगाचा मधला भाग आरशासारखा घासतात हे सर्वांना माहीत असते. तोफेतल्या भिंगाची कडही तितक्याच काळजीने घासावी लागते, तिची धार मारावी लागते, आणि घासताना राहिलेला चिरांचा थर कधी आम्लाने विरघळवून काढावा लागतो. तडा बहुधा कडेपासून सुरू होतो, आणि कड कुणी पाहत नाही.

दुसरा उपाय बैठकीचा. भिंगाच्या पाठीमागची धातूची कड एका बिंदूवर टेकली तर सगळे अडीचशे किलो त्या बिंदूवर येतात. ती पूर्ण गोलात, भिंगाच्या वक्रतेला धरून कातलेल्या उतारावर टेकली, तर तोच भार सर्वत्र वाटला जातो आणि काचेवर येतो तो निव्वळ दाब. मधे सिलिकोन रबराचा एखाद्या कागदाएवढा पातळ थर देतात. हा थर धक्का शोषण्यासाठी असतो असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. धातू कितीही गुळगुळीत कातला तरी त्यावर सूक्ष्म उंचवटे राहतातच, आणि ते काचेला टोचू नयेत म्हणून हा थर. पाटावर बसताना आपण आसन घालतो, तसलाच हा प्रकार. त्याला गादी म्हणत नाहीत.

तिसरी गोष्ट आकाराची, आणि ती मला सगळ्यांत गमतीची वाटते. हलके ते सुरक्षित असे म्हणून कुणी काच पातळ केली तर ती आधी फुटते. कडेवर टेकलेली चकती स्वतःच्याच भाराने मध्यभागी वाकते, आणि वाकले की एका बाजूस ताण आला. हिशेब असा की जाडी निम्मी केली की वजन निम्मे होते खरे, पण वाकण्याचा ताण दुप्पट होतो. व्यास निम्मा केला तर मात्र ताण एक चतुर्थांश राहतो. म्हणून तोफेतला डोळा लहान आणि जाडजूड असतो. मुंगी माडीवरून पडली तरी चालू लागते, यामागचेही मोठे कारण तिचा आकार. निसर्गाने लहान जिवांना ही सवलत फार पूर्वीच देऊन ठेवली आहे.

हे सगळे शहाणपण एकदम आले नाही. त्याची मोठी शाळा दुसऱ्या महायुद्धात भरली, आणि तिथे भिंगांऐवजी काचेच्या नळ्या होत्या. विमानावर सोडलेला गोळा विमानाजवळ पोचताच आपोआप फुटावा, यासाठी गोळ्याच्या नाकात एक लहानसा रेडिओ बसवण्याची कल्पना निघाली. त्या काळचा रेडिओ म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या आणि त्यांत केसासारखी तार. १९४० साली अमेरिकेत मर्ल टुव्ह यांच्या हाताखाली हे काम सुरू झाले, तेव्हा ते वेडेपणाचे वाटणे साहजिक होते. कानाच्या यंत्रासाठी केलेल्या पेन्सिलीएवढ्या नळ्या त्यांनी घेतल्या, त्या तोफेतून आभाळात सरळ वर उडवल्या, आणि खाली पडल्या की शेतातून खणून काढून काय मोडले ते पाहिले. मोडले ते सुधारायचे आणि पुन्हा उडवायचे. नळीतली तार तुटते असे दिसल्यावर तिला ताणून धरणारी उंदराच्या सापळ्यासारखी एक बारीक स्प्रिंग योजण्यात आली. ती योजणारा तरुण होता जेम्स व्हॅन ॲलन. पुढे १९५८ साली पृथ्वीभोवतीचे किरणांचे पट्टे ज्यांनी शोधले आणि ज्यांचे नाव त्या पट्ट्यांना मिळाले, तेच हे व्हॅन ॲलन.

त्या यंत्रातली आणखी एक युक्ती सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याची विजेची बॅटरी महिनोन्महिने गोदामात पडून नासू नये, म्हणून तिचे आम्ल एका काचेच्या कुपीत वेगळे ठेवले होते. तोफ उडाली की धक्क्याने ती कुपी फुटे, गोळ्याच्या फिरण्याने आम्ल पत्र्यांमध्ये पसरे, आणि बॅटरी जिवंत होई. म्हणजे एकाच नाकात, बोटभर अंतरावर, एक काच कोणत्याही परिस्थितीत फुटता कामा नये आणि दुसरी काच हटकून फुटली पाहिजे! ५ जानेवारी १९४३ रोजी 'हेलेना' या अमेरिकन युद्धनौकेने अशा गोळ्याने पहिले जपानी विमान पाडले. युद्ध संपेपर्यंत अशी दोन कोटींहून अधिक यंत्रे तयार झाली होती. रेडिओऐवजी विमानाची सावली ओळखणारा प्रकाशाचा डोळाही त्या दिवसांत करून पाहिला गेला, पण तो फक्त दिवसाउजेडी चाले, म्हणून मागे पडला.

नळीतली आपत्ती एवढ्यावर संपत नाही. साधा गोळा हवेत गटांगळ्या खाऊ नये म्हणून नळीच्या आतल्या पिळांनी त्याला भोवऱ्यासारखे फिरवतात. बोफोर्सच्या जातीच्या तोफेत हे फिरणे सेकंदाला अडीचशे फेऱ्यांच्या आसपास जाते. मध्यापासून तीन सेंटिमीटर दूर असलेल्या कणाला त्यामुळे बाहेरच्या बाजूस गुरुत्वाच्या सुमारे आठ हजार पट ओढ बसते. शिवाय एवढ्या गरगरणाऱ्या डोळ्याला काही दिसणेही अवघड. म्हणून डोळस गोळ्याभोवती घसरता पट्टा बसवतात. पीळ पट्ट्याला फिरवतात, आणि आतला गोळा जवळजवळ तसाच पुढे जातो. मग नळीच्या तोंडाशी दाब एकदम नाहीसा होतो. इतका वेळ मागे दाबलेले सगळे भाग उसळी मारून पुढे येतात, आणि मागून भक्कम टेकलेल्या भिंगाला या वेळी पुढून धरणारी कडी लागते. मागचाच विचार करून पुढचा विसरणारा कारागीर इथे फसतो. बाहेर पडल्यावरही डोळा काही काळ झाकलेलाच असतो. क्रास्नोपोलच्या नाकावर एक टोपी असते. वाटेत ती गळून पडते, आणि मगच भिंग जग पाहते.

आता या प्रकरणातला आपल्या घराजवळचा भाग. पुण्यात पाषाणला शस्त्रास्त्रांची एक मोठी सरकारी प्रयोगशाळा आहे, आणि देहरादूनला प्रकाशीय उपकरणांची दुसरी. या दोघींनी आणि पुण्याच्याच स्फोटक द्रव्यांच्या प्रयोगशाळेने मिळून लेसरच्या वाटेने जाणारे एक रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र तयार केले, आणि ते सोडायचे होते अर्जुन रणगाड्याच्या तोफेच्या नळीतून. २२ सप्टेंबर २०२० रोजी तेव्हाच्या अहमदनगरजवळच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, के.के. रेंजवर त्याची चाचणी झाली. तीन किलोमीटरवरचे लक्ष्य त्याने भेदले. नळीतून सोडलेल्या क्षेपणास्त्राला तोफगोळ्याएवढा धक्का बसत नाही हे खरे, कारण बाहेर पडल्यावर त्याचे स्वतःचे इंजिन त्याला पुढे नेते. पण नळीचा पहिला दणका त्यालाही चुकत नाही. वर्तमानपत्रांत या बातमीला चार ओळी मिळाल्या. त्या चार ओळींमागे किती भिंगे फुटली असतील, हे ज्याने काच घासली आहे त्यालाच कळावे.

फुटलेले भिंग शोधायचे हीही एक विद्याच आहे. दरवेळी तोफ उडवणे खर्चाचे, आणि उडालेला गोळा जमिनीत शिरताना जे मोडते ते नळीत मोडले की मातीत, हे कोण सांगणार? म्हणून प्रयोगशाळांत हवेच्या दाबाने चालणाऱ्या लांब तोफा असतात. त्यात वस्तूला हवा तेवढा धक्का देतात, आणि मग तिला हळूहळू, अंगावर ओरखडा न उठवता थांबवतात. म्हणजे आमच्या मंडळींची लुगडी अखेर उपयोगाला येतात ती इथे, गोळा थांबवताना!

परवा सुभेदारसाहेबांच्या नातवाच्या हातून मोबाइल फरशीवर पडला. पोरगा रडवेला झाला. उचलून पाहिले तर समोरच्या काचेवर जाळे उमटलेले, पण कॅमेरा ठणठणीत. लगेच त्याने आमचा दोघांचा फोटोही काढला. मी त्याला सांगितले की या पडण्यात तुझ्या कॅमेऱ्याने हजारपटीचा दणका खाल्ला, आणि तरी तो वाचला, कारण त्यातली भिंगे मसुराच्या डाळीएवढी, बहुधा प्लॅस्टिकची, आणि एकमेकांवर चपखल बसवलेली. समोरची काच मात्र रुंद आणि पातळ, म्हणून ती गेली. पोराला शास्त्रापेक्षा नव्या काचेच्या किमतीत अधिक रस होता.

सुभेदारसाहेब हसले. मग म्हणाले, "सर, तुम्ही गोळ्यातल्या भिंगाचे सांगितलेत ते सगळे खरे. पण दुसरे एक भिंग पुढच्या चौकीवर असते. लक्ष्यावर लेसर धरणारा आमचा अधिकारी त्यातून पाहत असतो. गोळा येईपर्यंत तो ठिपका त्याला हलू द्यायचा नसतो. समोरून गोळ्या येत असल्या तरी."

त्या काचेला गुरुत्वाच्या एकपटीहून जास्त भार नसतो. मी तसे त्यांना म्हणालो. ते म्हणाले, "हो, काचेला नसतो."